पाय खाडीकडे

सकाळी सोसायटीच्या फाटकाशी डंपरने रेती ओतली तेव्हा कल्पिता रिक्षाची वाट बघत उभी होती. तिला कल्याणला पतपेढीत पोचायचं होतं, आणि शीळफाट्याची कोंडी कुणाची गय करत नाही म्हणून ती रोजच्यापेक्षा लवकर उतरली होती. डंपरचा हौदा वर उचलला गेला. रेती आधी थोडी घरंगळली, मग अडली, आणि मग सगळी एकदम सरकली. तो आवाज ऐकला मात्र, ती दोन पावलं मागे झाली. खरं तर काही विशेष झालं नव्हतं. टॉवरच्या बाहेरच्या प्लास्टरला पुन्हा तडे गेले होते, त्याचं काम निघालं होतं, आणि कामाला रेती लागतेच. रिक्षा आली. रिक्षावाल्याने "ताई, बसताय ना?" असं दोनदा विचारलं आणि ती "नाही, तुम्ही जा" म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वॉचमन सहदेव केबिनच्या दारातून तिच्याकडे बघत होता. त्याला काय आठवतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिलाही तेच आठवत होतं.

मागच्या खेपेला रेती आली ती दिवाळी उलटल्यावर. संध्याकाळी ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि इंटरकॉम वाजला. "मॅडम, जरा खाली या. बाबा रेतीवर झोपलेत." तिला आधी वाटलं पडले, चक्कर येऊन पडले, आणि सहदेव बिचारा सौम्य करून सांगतोय. पिठाच्या हातांनीच ती लिफ्टमध्ये शिरली. खाली येऊन बघते तर तिचे वडील राघोशेठ, ज्यांच्या भातशेतीवर हा अख्खा टॉवर उभा आहे ते राघोशेठ, रेतीच्या ढिगावर उताणे पडलेले. डोक्याखाली स्वतःचाच हात, टोपी पोटावर, पाय लांब केलेले. भोवती सोसायटीतली मुलं सायकली धरून उभी होती आणि दुसऱ्या विंगेतल्या दोघी बायका हसू दाबत होत्या. बाबा जागेच होते. आभाळाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. सुखच होतं ते. आणि नेमकं तेच तिला सहन झालं नाही.

"बाबा, उठा. काय हे? लोक बघतायत."

"बघू दे. चांगली रेती हाय, बाय. हात लाव, कशी गार लागते. शिंपल्या पन हायत."

"वर एवढी गादी आणून दिलीय, ती काय शोभेला?"

"गादी चांगली हाय," ते म्हणाले, जसं काही गादीला वाईट वाटू नये. "पन मना इथं बरं वाटतं."

तिने त्यांना हाताला धरून उठवलं. त्यांच्या सदऱ्यावर तिच्या पिठाची बोटं उमटली, आणि लिफ्टच्या आरशात ती बोटं तिला चौदाव्या मजल्यापर्यंत दिसत राहिली. बाबा काही रागावले नव्हते. फक्त दार उघडता उघडता म्हणाले, "पाय खाडीकडं केलं का झोप लागते गो." भाकरी तव्यावर करपून गेली होती.

पाय खाडीकडे. हे काय आहे ते या टॉवरात फक्त तिलाच कळण्यासारखं होतं. पावसाळ्यात भात लावायचं आणि पाऊस सरला की मिठागरावर जायचं, असं तिच्या लहानपणी घर चालायचं. मिठागर दुसऱ्याचं, घाम यांचा. तिथं बांधावर एक खोप होती, पण उधाणाच्या दिवसांत खोपीत झोपून चालायचं नाही. भरतीचं पाणी बांधाला कुठे भोक पाडून आत शिरलं तर पिकायला आलेलं मीठ जायचं. म्हणून बाबा बांधाखाली, खाडीच्या अंगाला, रेताड जागा बघून चटई टाकायचे आणि पाय पाण्याकडे करून झोपायचे. पाणी चढत आलं की आधी टाचांना लागायचं. मग उठायचं, बांधावरून एक फेरी मारायची. गजराचं घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. आई, सगुणा, तीही तिथेच झोपायची, कारण नवरा एकटा पाण्याच्या तोंडाशी झोपलेला तिला चालायचा नाही. आणि दोघांच्या मधे कल्पिता. हे सगळं कल्पिताला माहीत होतं ते ऐकून. आठवत होतं असं ती कधी म्हणाली नाही. आठवत नाही असंच म्हणायची तिची सवय होती, आणि सवयीने माणूस खरंच विसरतो.

तिला शाळेसाठी ठाण्याला, वर्तकनगरला, मावशीकडे ठेवलं होतं. वसाहतीतल्या त्या दोन खोल्या, पाटाखाली ठेवायच्या चपला, शेजारच्या मुलींचं ते शुद्ध बोलणं. सुट्टीहून परत आली की हातापायांवर मिठाने तडकलेली कातडी असायची, मावशी तिला खोबरेल लावायची आणि म्हणायची, "शाळेत शेती आहे म्हणून सांग हो." शेती होतीच, म्हणजे खोटं काहीच नव्हतं. एकदा बाबा सरळ मिठागरावरून तिला भेटायला आले, आणि आले ते भर दुपारी. मावशी भांडी घासत होती. बाबा बाहेर व्हरांड्यात पंचा अंथरून झोपून गेले. शाळेतून येताना तिच्याबरोबरच्या मुलीने विचारलं, "तुमच्याकडे कोण गं ते खाली झोपलंय?" कल्पिता म्हणाली, "गावचे आहेत." एवढंच. बाबांनी ऐकलं की नाही, हे तिला आजवर कळलेलं नाही. ते नंतर उठले, चहा प्यायले, तिला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि गेले.

पुढे जमिनीला भाव आला आणि मिठागरावरचा राघ्या राघोशेठ झाला. दिवस पालटले तसे गावातले सगळेच जमिनीवरून उठले. ज्याने त्याने आधी पलंग केले, मग गाद्या, मग एसी. कुणाच्या घरात म्हातारा खाली चटईवर झोपलेला दिसला तर पाव्हणे सुनेला नावं ठेवायचे. कल्पिता एकुलती एक, तिचा नवरा प्रितम घरजावई म्हणून आधीच टोमणे खाणारा, तेव्हा ती तर जास्तच जपायची. बापाचं काही कमी पडतंय असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. वर्तकनगरच्या व्हरांड्याची भरपाई ती गाद्यांनी करत होती, असं कुणी तिला म्हटलं असतं तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं. आता, फाटकाशी उभी राहून, तिला ते स्वतःच स्वतःला म्हणावंसं वाटत होतं.

रेतीवरून उठवून आणल्यावर बाबा दोन दिवस गॅलरीतच बसून होते. मग जेवताना म्हणाले, "एकदा मना खाऱ्या पान्याजवळ झोपवून आण. एकदाच. मग मी मागनार नाय." प्रितम सासऱ्यांना मामा म्हणतो. तो हसत म्हणाला, "मामा, मग कॅम्पिंगलाच जाऊ की! हल्ली लोक मुद्दाम जातात, तंबूत झोपायला." बाबांना ते खरं वाटेना. घर असलेली माणसं हौसेने रेतीवर झोपायला जातात? "येडी हायत काय?" ते म्हणाले, पण डोळे चमकले होते. कल्पितालाही सुटल्यासारखं झालं. टॉवरखालच्या रेतीवर झोपणं लाजिरवाणं होतं, कॅम्पिंगला जाणं मात्र चांगल्या घरातलं होतं. गोष्ट एकच, पण तिला नाव मिळालं की माणसाला केवढा धीर येतो. अलिबागच्या पुढे वनखात्याच्या राखीव किनाऱ्यावर सुरूच्या बनाला लागून तंबू मिळतात, असं प्रितमने शोधून काढलं. कल्पिताने त्यातला सगळ्यात चांगला तंबू घेतला. खाली लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर खाटा, खाटांवर गाद्या, आणि आत पंखासुद्धा.

अमावस्या होऊन दोन-तीन दिवस झाले होते. ते पोचले तेव्हा दिवस कलायला लागला होता, ओहोटी लागलेली, आणि किनारा असा लांबच लांब उघडा पडला होता की पाणी कुठे गेलं असं वाटावं. सुरूंमधून वारा येत होता. कुठल्याशा ऑफिसातली मुलं-मुली चुलाणावर मक्याची कणसं भाजत होती, कुणीतरी गिटार काढली होती. तंबूंवर दिव्यांच्या माळा सोडलेल्या. बाबांनी चपला हातात घेतल्या आणि ते रेतीवर चालायला लागले. इतकं ताठ चालताना तिने त्यांना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. ते ऐंशीला टेकलेले, पण त्या रेतीत त्यांचं पाऊल चुकत नव्हतं, आणि तिचंच सारखं रुतत होतं. सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची एक रेघ किनाऱ्यावर लांबवर गेली होती, दुपारचं पाणी तिथवर येऊन गेलेलं. त्या रेघेपाशी ते थांबले. इकडेतिकडे बघितलं. पायाने रेती सारखी केली, वाकून दोन दगड उचलून बाजूला टाकले आणि खांद्यावरचा पंचा अंथरला. मग आडवे झाले, पाय समुद्राकडे.

"इथं," ते म्हणाले.

"इथं काय, बाबा? तंबू तिकडे आहे."

"तंबूत तुमी झोपा. मना इथं बरं. रातचं पानी येल नि पायाला लागंल, का मी उठून तिकडं येन."

"आणि नाही जाग आली तर?"

"पानी उठवील की." मग तिच्याकडे बघून, जरा लाजल्यासारखे, ते म्हणाले, "तू पन ये. मधी झोप. तुझे आयेची जागा तिकडनं सोडू."

कल्पिता हसली. ते हसू तिला पुढे पुष्कळदा ऐकू येणार होतं. वाईट मनाने हसली नव्हती ती, लहान मुलाच्या हट्टाला हसावं तशी हसली. "मी आता मधे मावेन का?" असं म्हणाली, आणि मावली असती की. किनारा एवढा मोठा होता. तेवढ्यात वनखात्याचा रखवालदार आला, त्याने पाटीकडे बोट दाखवलं. भरतीरेषेजवळ झोपण्यास मनाई. "काका, उठा, जबाबदारी आमच्यावर येते." गिटारवाल्या मुलांनी इकडे बघितलं. पुन्हा लोक बघत होते. रखवालदार भला माणूस होता, तो पुढे असंही म्हणाला, की थोडं वर, सुरूंजवळ उघड्यावर झोपायला हरकत नाही, मी चक्कर मारत राहीन. हे तिने ऐकलं. प्रितमनेही ऐकलं आणि तो म्हणाला, "चल ना, आपण तिघंही झोपू बाहेर. मजा." सगळं हाताशी आलं होतं. पण ती "नको, दव पडतं, त्यांना खोकला होईल" म्हणाली. बाबांनी पंचा झटकला, घडी घातली आणि ते तिच्यामागून तंबूकडे चालू लागले. आता त्यांचं पाऊल तिच्यासारखंच रुतत होतं. जेवणं झाल्यावर तिने त्यांना खाटेवर निजवलं, पांघरूण घातलं, आणि तंबूची चेन खालपर्यंत ओढून घेतली. चेनच्या त्या आवाजाने ते दचकले. "बंद नको करू गो," ते म्हणाले. ती म्हणाली, "डास येतात, बाबा."

उजाडलं तेव्हा बाबा खाटेवर बसलेले होते. चपला घातलेल्या, टोपी डोक्यावर, पिशवी मांडीवर, एस्टीच्या स्टँडवर बसतात तसे. झोपले की नाही हे तिने विचारलं नाही. ती चेन उघडून बाहेर आली. समुद्र परत लांब गेला होता, पण रात्री तो आला होता हे दिसत होतं. शेवाळाची जुनी रेघ पुसली गेली होती आणि नवी रेघ तिच्याही वर, थोडी वर, ओली होती. बाबांनी सारखी केलेली जागा, ते दोन दगड, काहीच उरलं नव्हतं. म्हणजे तिची भीती खोटी नव्हती. पाणी आलं असतं. पायाला लागलं असतं, ते उठले असते, कुडकुडत, पंचा सावरत सुरूंकडे आले असते, आणि तिला हाक मारली असती. एवढंच झालं असतं. तिने मागे वळून बघितलं. बाबा तंबूच्या दारात येऊन त्याच ओल्या रेघेकडे बघत होते.

"पानी आयलेलं तर," ते म्हणाले.

येताना गाडीत ते पिशवी मांडीवर धरूनच बसले. घरी आल्यावर गादीवर जाऊन झोपले, आणि तेव्हापासून ते गादीवरच झोपतात. प्रितम म्हणतो, बघ, मामांची हौस फिटली. शेजारणी म्हणतात, शेठ आता अगदी शहाण्यासारखे राहतात. खरंच शहाण्यासारखे राहतात. वाढलेलं जेवतात, लावलेला टीव्ही बघतात, बोंबील संपले तरी संपले असं म्हणत नाहीत. मागणार नाही म्हणाले होते, ते शब्दाला जागले. कल्पिताने किती प्रकारे विचारून बघितलं. गावदेवीला जायचंय का, आत्याकडे जायचंय का, बाबा, काही आणू का. "काय नको, बाय." हे "काय नको" तिला रोज घरात भेटत होतं, पलंगाशी, जेवणाच्या टेबलाशी, गॅलरीच्या खुर्चीत. त्यांनी एकदा ओरडावं, शिवी द्यावी, कालवण खारट झालंय म्हणून ताट सारावं, असं तिला वाटायचं. माणूस म्हातारा झाला की हट्टी होतो म्हणून लोक रडतात, आणि तिच्या बापाचा हट्ट तिने स्वतःच्या हाताने चेन लावून बंद केला होता.

म्हणूनच आज रेती बघून ती ऑफिसला गेली नाही. लिफ्टने वर आली. बाबा गॅलरीत बसले होते. या गॅलरीतून पूर्वी खाडीचा एक फाटा दिसायचा. आता तिथे भरणी टाकून सपाट केलेली जागा आहे आणि तिच्यावर बसगाड्या उभ्या असतात.

"गेली नायस?"

"बाबा, खाली रेती आलीय." असं सांगताना तिचा आवाज लहान मुलीसारखा निघाला. "चला. मी पण येते. कुणी काही बोलणार नाही."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मना काय करायचीय रेती," ते म्हणाले. "ऊन व्हायला लागलंय. तू जा, तुला उशीर व्हतोय."

ती गेली, पण ऑफिसला नाही. ढिगापाशी येऊन तिने पर्स आणि डब्याची पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या. शाळेची बस सुटायची वेळ होती, आया पोरांची दप्तरं धरून फाटकात उभ्या होत्या, त्यात त्या दुसऱ्या विंगेतल्या दोघीही. साडी सावरून कल्पिता ढिगावर चढली आणि आडवी झाली. तेव्हा तिला कळलं की ही ती रेती नाहीच. खडीच्या मशीनमधून निघालेला दगडाचा भुगा होता तो, हल्ली सगळीकडे हाच वापरतात. गार नव्हता, ओल नव्हती, शिंपल्याचा एक तुकडा नव्हता. पाठीला टोचत होता. शिंपल्यांची रेती आली होती ती तेव्हाच, आणि तेव्हा तिने तिच्यावरून बापाला उठवलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. तिने डोळे मिटले. आणि एकदम, कुणी न सांगितलेलं, ऐकलेलं नव्हे, तिला आठवलं. डाव्या अंगाला आईचा दंड, उजव्या अंगाला बाबांची पाठ, आणि पायाच्या अंगठ्याला काहीतरी गार, इतकं गार की ती किंचाळली, आणि आई-बाबा दोघंही अंधारात हसायला लागले. तिच्या पायाला आधी लागलं होतं पाणी. ती लहान म्हणून खाली सरकून झोपायची. तीच त्यांना उठवायची.

"मॅडम? मॅडम, बरं नाही का वाटत?" सहदेव वाकून विचारत होता. तिने मान हलवली. तो गोंधळून केबिनकडे गेला. तिला इंटरकॉमची बटणं दाबल्याचा आवाज आला. "बाबा, सहदेव बोलतोय खालून. मॅडम रेतीवर झोपल्यात हो... नाही, पडल्या नाहीत. झोपल्यात... हां... बरं." मग रिसीव्हर ठेवला. कल्पिता कान देऊन पडून होती. सहदेव परत आला.

"काय म्हणाले?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"म्हणले, झोपू दे तिला. पाणी आयलं का उठंल." सहदेवने डोकं खाजवलं. "कसलं पाणी मॅडम? टँकर तर मघाशीच येऊन गेला."

इथे कसलं पाणी येणार, हे बाबांइतकं कुणाला ठाऊक होतं? खाडीचा फाटा बुजवायला भरणीचे डंपर गेले ते त्यांच्याच शेतातून, वाट त्यांनीच दिली होती. तरी तिने पाय त्या बाजूला वळवले, जिथे आता बसगाड्या उभ्या होत्या, आणि उजवीकडे एका माणसापुरती जागा ठेवून ती सरकली. लिफ्टचं दार उघडलं. चपलांचा आवाज आला, पण ती बाबांची चाल नव्हती, आणि तो आवाज तिच्या जवळून पुढे फाटकाकडे निघून गेला. मग दार बंद झालं आणि वरून कुणीतरी बोलावलेली लिफ्ट रिकामी वर गेली.